मायाप्पांचा एकचा प्रश्न

नापास होणाऱ्या टेस्टपुढची बरोबरची खूण मी काढून टाकली, उरलेल्या टेस्ट चालवल्या, पडदा हिरवागार झाला आणि 'सगळ्या पास' असं मी एमडी साहेबांना सांगून आलो. साहेबांनी लगेच पेढे वाटले. दूध संघात पेढ्यांचा तुटवडा कधीच नसतो. अकलेचा असतो, आणि त्या दिवशीचा सगळा तुटवडा माझ्या एकट्याच्या नावावर होता.

पण हा घोटाळा समजायचा तर आधी मायाप्पा समजायला हवेत. ते मला अजून पुरते समजलेले नाहीत, तेव्हा जमेल तसं सांगतो.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. बारामतीतल्या एका क्लासात संगणकाचा कोर्स करून, त्याचं सर्टिफिकेट घरच्यांच्या हौसेखातर फ्रेम करून, मी इंदापूरकडच्या एका दूध संघात चिकटलो. पहिल्या दिवशी संगणकाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि समोर पाहिलं तर भिंतीवर खिळा, आणि त्या खिळ्याला शेपटीनं उलटा टांगलेला माऊस. खाली एसीच्या गारठ्यात काळी घोंगडी पांघरून एक गृहस्थ काळ्या पडद्यावर एका बोटानं काहीतरी बडवत होते. बाहेर ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आख्ख्या तालुक्यात त्या वेळी घोंगडी पांघरलेला हा एकच माणूस असावा.

"माऊस खराब आहे का?" मी विचारलं.

"न्हाय. ब्येस हाय."

"मग टांगलाय का?"

"खाली असला की हात जातुय," मायाप्पा म्हणाले. "तुमी कोर्सवाले व्हय? बसा."

त्या दिवसापासून माझं नाव कोर्सवाले पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं.

मायाप्पा आमच्या विभागाचे प्रमुख. गाव कळस. वाडवडील मेंढरांमागं फिरलेले; हे शिकले आणि संघात कारकून म्हणून लागले. संघानं पहिला संगणक आणला तेव्हा त्याला हात लावायला कोणी धजेना. यांनी लावला, तो काढलाच नाही. गावोगावच्या दुधाची नोंद ठेवणारा आख्खा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. कुठल्या गावचे किती कॅन, फॅट किती लागली, गाडी किती वाजता आली, सगळं त्यात. तो काळ्या पडद्यावर चालायचा, हिरव्या अक्षरांत बोलायचा, आणि कधी बंद पडायचा नाही.

म्हणजे रोज दुपारी एक वाजता सोडून.

एक वाजला की संघातल्या प्रत्येक संगणकावर काम थांबायचं आणि रोमन अक्षरांत प्रश्न यायचा: 'जेवला का?' 'एच' दाबलं तर होय, 'एन' दाबलं तर नाही. होय म्हणालात तर काम पुढं सुरू. नाही म्हणालात तर पडद्यावर 'आधी जेवून या' असं यायचं आणि अर्धा तास ते यंत्र कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही.

एकदा चतुर्थीला आमच्या हिशेबनीसांनी प्रामाणिकपणे 'नाही' दाबलं आणि उपाशीपोटी अर्धा तास बंद पडद्याकडे बघत बसले. मग तणतणत आमच्याकडे आले. "मायाप्पा, उपास असतो हो माणसाला!"

"चुकलंच," मायाप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून 'यू' नावाचं तिसरं बटण चालू झालं. ते दाबलं की 'फराळ करा' असं यायचं. प्रश्न मात्र गेला नाही.

"हे कशाला?" असं मी सुरुवातीला विचारलं होतं. मायाप्पांनी घोंगडी नीट केली आणि म्हणाले, "माणसं जेवत न्हाईत येळंवर." मला वाटलं, विक्षिप्त माणसाची एक खोड. भिंतीवरच्या माऊसशेजारी ती मनातल्या मनात टांगून मी मोकळा झालो.

मग नवी यंत्रं आली. रंगीत पडदा, पडद्यावर चौकटी, चौकटीत बटणं. त्यांच्याबरोबर पुण्याच्या एका कंपनीनं फ्लॉपींचा एक संच पाठवला. जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर नीट चालतो की नाही हे तपासणाऱ्या टेस्ट त्यात होत्या. त्या चालवायच्या दोन तऱ्हा. चौकट उघडायची, हव्या त्या टेस्टपुढं खूण करायची, 'सुरू' दाबायचं आणि चहा प्यायला जायचं, ही माझी तऱ्हा. काळ्या पडद्यावर एकेका टेस्टचं नाव हातानं टाईप करायचं आणि ती पार होईस्तोवर समोर बसायचं, ही मायाप्पांची.

अट सरळ होती. सगळ्या टेस्ट पास झाल्या तर मायाप्पांचा प्रोग्रॅम राहणार. एक जरी नापास झाली तर कंपनीचा तयार प्रोग्रॅम येणार, त्याच्याबरोबर कंपनीची माणसं येणार, आणि मायाप्पांना डॉकवर जावं लागणार. म्हणजे जिथं गावोगावचे कॅन उतरतात आणि काट्यावर चढतात तिथं. एमडी साहेबांनी हे आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. साहेब वाईट नव्हते. सांगताना त्यांनी चहाही मागवला होता.

मायाप्पा कामाला लागले. टेबलाच्या कडेवर डावा हात उभा ठेवायचा, उजव्या बोटानं नाव बडवायचं, आणि टेस्ट पार झाली की तळहात जरा उचलून म्हणायचं, "ग्येलं." पुढची. "ग्येलं." संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरीत घेताना फटीशी उभं राहून एकेक मोजायचं, तसं. नापास झाली की हात खाली. "थांबलं. लंगडतंय." मग दिवसभर त्या लंगड्याचा पाय बघत बसायचे.

"अहो, सगळ्या एकदम चालवू या की! एका क्लिकचं काम," मी म्हणायचो.

"कोर्सवाले, मेंढरं आपण न्हाय मोजली, की लांडगा मोजतुय."

हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे, की मला स्वप्नात लांडगा दिसायचा, त्याच्या हातात माऊस असायचा आणि तो कोर्स केलेला असायचा.

हळूहळू सगळी लंगडी चालायला लागली. एक सोडून. ती टेस्ट यंत्राचं घड्याळ पळवून आख्खा दिवस काही मिनिटांत उरकायची. सकाळचं दूध यायचं, ग्येलं. गाड्या लागायच्या, ग्येलं. मग घड्याळात एक वाजायचा आणि प्रोग्रॅम विचारायचा, 'जेवला का?' टेस्टला पोट नव्हतं. ती उत्तर द्यायची नाही, प्रोग्रॅम उत्तराशिवाय हलायचा नाही. दोघं एकमेकांकडं बघत बसायचे. मग टेस्ट कंटाळून नापास व्हायची.

"एवढा प्रश्न काढून टाका," मी म्हणालो. "चार ओळींचं काम आहे."

"न्हाय."

"चार ओळींपायी आख्खा प्रोग्रॅम जाईल, मायाप्पा."

"न्हाय म्हणलं न्हवं?"

"बरं, काढू नका. तुमच्याच काळ्या पडद्यावरनं सोय करू. उत्तर आधीच लिहून ठेवायचं. एक वाजला की आपोआप 'होय' जाईल."

मायाप्पांनी पहिल्यांदाच खुर्ची फिरवून माझ्याकडं नीट पाहिलं. "न जेवताच व्हय म्हणायचं?"

मी चहा प्यायला गेलो.

पुण्याचा इंजिनिअर यायचा दिवस जवळ आला. मायाप्पा रोज ती टेस्ट चालवायचे, ती रोज एक वाजता थांबायची. घोंगडी मात्र दिवसेंदिवस घट्ट व्हायला लागली. मला ते बघवेना. आणि मला जेव्हा जेव्हा काही बघवत नाही, तेव्हा माझ्या हातून काहीतरी घडतं. मायाप्पा बँकेत गेले होते. मी खिळ्यावरचा माऊस उतरवला, चौकट उघडली, त्या एका टेस्टपुढची खूण काढली आणि 'सुरू' दाबलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मायाप्पा परत आले तेव्हा शिपायानं त्यांच्याही हातावर पेढा ठेवला.

"कशाचा?"

"सगळ्या पास झाल्या!" मी म्हणालो.

"किती आत घेतली?"

"सगळी."

"व्हती किती?"

त्यांनी पेढा पेपरवर ठेवला, माऊस परत खिळ्याला टांगला, आणि रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर माझी तब्येत सुधारली असती.

इंजिनिअर आला. पोरगेलासा, गोड स्वभावाचा. दुपारी त्याच्यासाठी पळसदेवकडची धरणातली मासळी ठरवली होती, म्हणून त्यानं नाश्ताही केला नव्हता. एमडी साहेब, मी, मागं घोंगडीत मायाप्पा. "सगळं पास आहे म्हणे!" इंजिनिअर म्हणाला आणि चौकट उघडून त्यानं पहिलं काम काय केलं, तर सगळ्या टेस्टपुढं खुणा केल्या. एकही न वगळता.

हिरवं, हिरवं, हिरवं. मग घड्याळ पळायला लागलं. दहा, अकरा, बारा. माझ्या पाठीमागं अगदी हळू आवाज येत होता, "ग्येलं... ग्येलं..."

'जेवला का?'

"हे काय आहे?" इंजिनिअरनं विचारलं. आणि कोणी सांगायच्या आत, त्या उपाशी, प्रामाणिक पोरानं 'एन' दाबलं.

'आधी जेवून या.'

टेस्ट नापास झाली आणि पळतं घड्याळ परत खऱ्या वेळेवर आलं. तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. सर्वांत नवं, सर्वांत महागडं यंत्र मख्ख बसलं होतं आणि आम्ही चौघं त्याच्यासमोर. साहेबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि उरलेले पेढे परत न्यायला सांगितलं.

इंजिनिअर मात्र भला होता. "बाकी सगळं उत्तम आहे, सर. एवढा प्रश्न काढला तर मी आत्ता, इथंच परत चालवतो. पास होईल. प्रोग्रॅम राहील."

"ऐकलंत ना, मायाप्पा?" साहेब म्हणाले. "काढून टाका, विषय संपला."

मायाप्पा पुढं आले. अर्धा तास भरून यंत्र सुटलं होतं. त्यांनी चौकट बंद केली, काळा पडदा आणला, प्रोग्रॅम उघडून त्या चार ओळींपाशी आले. एक बोट पुसायच्या बटणावर ठेवलं. मी मनात म्हणत होतो, दाबा. दाबा हो.

बोट तसंच राहिलं. मग त्यांनी ते उचललं, घोंगडीची घडी केली आणि म्हणाले, "साहेब, मी डॉकवर जातो."

"मायाप्पा, वेड लागलंय का?"

"तसंच समजा, साहेब."

ते गेले. मी चिडून बाहेर आलो आणि टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या मंगलताईंपुढं भडभडा ओकलो. चार ओळींसाठी! एका खुळचट प्रश्नासाठी!

मंगलताईंनी कानावरचा हेडफोन उतरवला. "तुम्ही मागाहून आलात, तुम्हाला काय माहीत! त्यांची मंडळी, पारूबाई, कळसच्या एसटीडीवरनं रोज एकच्या ठोक्याला फोन करायची. फोन जोडून द्यायलासुद्धा लावायची न्हाई. 'मायाप्पास्नी विचारा, जेवला का,' एवढंच. मग मी इथनं वरडायची, 'मायाप्पाऽ, जेवला का?' आख्खं ऑफिस हसायचं. ते लाजून लाल व्हायचे आन् डबा उघडायचे. माणूस असा, की विचारल्याबिगार जेवायचा न्हाई."

"मग?"

"मग काय? पारूबाई गेली. त्यांनी रजा संपवून आल्या आल्या ते मशिनीत घातलं. आम्हाला कळलं सगळ्यांना. म्हणून तर कुणी बोललं न्हाई कधी." त्यांनी हेडफोन परत चढवला. "तुम्हीच तेवढे विचारत बसला, कशाला म्हणून."

कंपनीचा प्रोग्रॅम आला. देखणा आहे. रंगीत आहे, माऊसवर चालतो, दिवसातून दोनदा बंद पडतो आणि कोणाला काही विचारत नाही. संघात आता लोक तीनला जेवतात, चारला जेवतात, कधी डबा तसाच घरी नेतात. मायाप्पांच्या खुर्चीवर मी बसायला लागलो. एसीचा गारठा पाठीत शिरायचा. खिळा भिंतीत तसाच होता, रिकामा.

डॉकवर मी जाऊ शकत होतो. जिना उतरायचा आणि आवार ओलांडायचं, की आलं. गेलो नाही. लांबून ते दिसायचे. काट्याशी उभे, डावा हात तसाच उभा धरलेला, कॅन पुढं सरकला की तळहात उचलायचे. ओठ हलताना दिसायचे.

एके दिवशी मी काम करता करता डबा उघडला आणि घास तोंडाशी नेता नेता थांबलो. आतला फोन उचलला. मंगलताईंना म्हणालो, "डॉक द्या." त्यांनी लगेच जोडून दिला. तिकडं घंटा वाजत राहिली. कॅनचा खणखणाट, कोणाची तरी हाक, मग आवाज.

"काटा."

"मायाप्पा... जेवला का?"

पलीकडं कॅन वाजत राहिले. मग आवाज आला.

"न्हाय अजून." मग त्यांनी खाकरून घसा साफ केला. "दीड वाजून ग्येला. एकला इचारायचं असतंय ह्ये. घड्याळ बघाय येत न्हाय, आन् म्हणं कोर्स केलाय!"