सलामीच्या पुंगळ्या

"येत्या शनिवारी आजोबांचं रिव्हॉल्व्हर सहाही बार काढणार! नाही काढले तर मला हर्शेल म्हणू नका!"

चर्चच्या पायरीवर हर्शेल गरजला. पाद्रीबुवांनी आज प्रवचन गात गात असं काही वर चढवलं होतं, की त्याच्या अंगात अजून सूर घुमत होता. अशा वेळी माणसानं तोंड उघडू नये!

"दाजी," मेहुणा ड्यूई म्हणाला, "ते रिव्हॉल्व्हर कागदांवर वजन म्हणून ठेवा. वारा तरी त्याला घाबरेल!"

झालं! शंभरी ओलांडलेल्या त्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं आता मिळत नाहीत. म्हणून हर्शेल रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायचा, तळाकडचा जाड भाग ठेवून बाकीचा कापायचा, घासून घासून मापात आणायचा आणि त्यात दारू-गोळी भरायचा. सहा घेतल्या, कापताना तीन चिरल्या, उरल्या तीन. घरात चौथी नाही! शुक्रवारी त्यानं गुडघे टेकून देवाला साकडं घातलं, आणि कानस पुसायला चिंधी शोधत बायकोचा शिवणाचा खण उघडला. आत मखमली थैली. थैलीत तीन पुंगळ्या, लग्नातल्या समईसारख्या लखलखीत!

"देवा, इतक्या लवकर?" हर्शेलचे डोळे भरून आले.

पुंगळ्यांच्या तोंडांना चुण्या पडलेल्या होत्या. बिनगोळीच्या काडतुसाची खूण! शेंबड्या पोरानंही विचारलं असतं, की या इथं कशा? हर्शेलनं विचारलं नाही. करवत चालवली.

शनिवारी वर्षाच्या मेळ्याला परगावी गेलेल्यांसकट सगळं गाव चर्चच्या अंगणात जमलं. एका टेबलावर देवाघरी गेलेल्यांच्या आठवणी मांडायचा रिवाज. कुणाची टोपी, कुणाचा चष्मा. मागच्या मातीच्या बांधासमोर हर्शेल छाती काढून उभा राहिला. धाड! धाड! धाड! टाळ्या पडल्या. ड्यूईचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा!

तेवढ्यात मागून बायकोचा, लुर्लीनचा आवाज आला.

"ड्यूई, पपांच्या सलामीच्या पुंगळ्या तू नेल्यास का रे? दफनाच्या वेळी शिपायांनी झेंड्यासोबत दिलेल्या. थैली रिकामी आहे!"

हर्शेलनं चौथा बार काढलाच नाही.

"अडकलं! अडकलं!" ड्यूई नाचायला लागला. "सांगत होतो ना, दाजी!"

किती सोपं होतं! 'हो, अडकलं' म्हणायचं आणि घरी जायचं. पण लुर्लीन टेबलाखाली वाकून वाकून शोधत होती.

"लुर्लीन... त्या इथं आहेत."

"कुठं?"

त्यानं रिव्हॉल्व्हरकडे मान केली. पाद्रीबुवांच्या हातातली कोंबडीची तंगडी तोंडापर्यंत पोचलीच नाही.

"कापल्यास?" लुर्लीन उठून उभी राहिली. "पपांच्या?"

"मला वाटलं, देवानं..."

"देवाचं नाव घेऊ नकोस, हर्शेल! यातल्या पपांच्या कुठल्या?"

"आता... ओळखू येत नाही गं. सगळ्या सारख्याच झाल्यात. आणि तीन अजून भरलेल्या आहेत."

लुर्लीन डोळे पुसून म्हणाली, "मग त्या उडव. पपांसाठी. नीट उभा राहा."

लोकांनी टोप्या काढल्या. ड्यूईनंही काढली. सैनिकाला निरोप देताना तीन फैरी झाडतात, तसे तीन बार थांबून थांबून झाले. कुणीतरी हलकेच भजन धरलं. हर्शेलला मात्र जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

लुर्लीननं सहाही पुंगळ्या टेबलावरच्या पपांच्या झेंड्याशेजारी मांडल्या आणि बाजूला एक खुर्ची ठेवली.

"बस इथं. जो विचारेल त्याला सांगायचं. खरं, आणि पहिल्यापासून."

पहिल्याच आल्या ओर्फामावशी. कानानं अधू. पुंगळ्यांवर वाकून म्हणाल्या, "बाई गं! या अशा आटल्या कशानं?"

हर्शेलनं घसा खाकरून सुरुवात केली.

"ऐकू येत नाही रे! मोठ्यानं सांग, सगळ्या अंगणाला कळू दे!"