रिकाम्याबाई हजर

गिरजासिस्टरांचे किस्से मी लग्नात, निरोपसमारंभात, जमेल तिथे रंगवून सांगत आलो. लोक पोट धरून हसायचे. शेवट मात्र मी वीस वर्षं कुणालाच सांगितला नाही. गेल्या महिन्यात त्या वारल्या. आता सांगतो.

नव्वदच्या दशकात, दिंडोरीच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी कारकून होतो. डोंगराकडच्या उपकेंद्रावर नर्सची जागा सहा वर्षं रिकामी होती. खालच्या उपकेंद्राच्या गिरजासिस्टरच दोन्ही सांभाळायच्या. मासिक बैठकीत हजेरी घेताना मी डोंगराकडच्या उपकेंद्राचं नाव पुकारलं, की त्या शेजारची मोकळी खुर्ची थोपटून म्हणायच्या, "रिकाम्याबाई हजर!"

चहा आला की, "आमच्या रिकाम्याबाईंनाही द्या, लय दमल्यात." त्या खुर्चीवर चुकून कुणी टेकलं की, "ओ, बाईंच्या मांडीवर बसता काय?" डॉक्टरसाहेब धुमसायचे.

रजिस्टरातही तेच. बाकीच्या नर्सा घरोघरी न दिलेल्या भेटीही गुपचूप लिहायच्या. ती आमच्याकडची रीतच होती. गिरजासिस्टर मात्र लाल पेन्सिलीने ठसठशीत लिहायच्या: 'रिकाम्याबाई गेल्या नाहीत.' मी हसायचो आणि वर पाठवायच्या अहवालात भेटी पूर्ण दाखवायचो. इतकी वर्षं कुणी पडताळून पाहिलं नव्हतं.

मग मुंबईहून एक पथक येणार असल्याचं कळलं. खेड्यात किती कर्मचारी लागतात, याचा अभ्यास करायला. गिरजासिस्टर हरखल्या.

"भाऊसाहेब, रजिस्टर नीट दाखवा बरं का. गुडघे गेले माझे. एकीला दोन गावं नाय होत."

त्यांनी आपल्या क्वार्टरमध्ये दुसरी खाटही आणून टाकली. गादीला नवी खोळ शिवली. "तिकडचं क्वार्टर गळतं. नवी पोर पहिले दिवस माझ्याकडं राहील. जेवताना कुणी तरी बोलायला."

मला वेगळाच घोर लागला होता. लाल ओळी आणि माझे अहवाल शेजारी ठेवले, तर माझी नोकरी गेलीच. पथक यायच्या आदल्या दिवशी मी दुपारभर बसून अख्खं रजिस्टर नव्याने उतरवलं. लाल ओळ एकही नाही. भेट दिली, भेट दिली, भेट दिली.

दुसऱ्या दिवशी पथकातल्या बाईंनी सगळ्यांसमोर ते उघडलं. "सिस्टर, दोन्हीकडच्या या सगळ्या भेटी तुम्हीच दिल्या?"

गिरजासिस्टरांनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. माझं अक्षर त्या चांगलं ओळखायच्या. मी पंख्याकडे पाहत राहिलो.

"लिहिलंय ना?" त्या म्हणाल्या. "मग दिल्या असतील."

"कमाल आहे तुमची!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं.

काही महिन्यांनी कागद आला. दोन्ही उपकेंद्रांना एक नर्स पुरेशी. रिकामी जागा रद्द.

पुढच्या बैठकीत सवयीने मी ते नाव पुकारलं. "खोडा, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "बाई गेल्या." त्यांनी शेजारची खुर्ची उचलून भिंतीला लावली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

बैठकीनंतर व्हरांड्यात मी कसंबसं विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमच्या दोन्ही लेकींना लस मीच टोचली. माझ्याच मांडीवर रडल्या त्या. त्यांच्या बापाची नोकरी घालवून मला कसली सोबत मिळणार होती?"

एवढं बोलून त्यांनी लशीचा डबा खांद्याला अडकवला आणि त्या एसटी गाठायला निघाल्या. लंगडत.

निवृत्तीनंतर त्या येवल्याला, माहेरच्या गावी राहायला गेल्या. एकदा मी भेटायला गेलो. गाडीत एकच वाक्य घोकत होतो: सिस्टर, माझं चुकलं.

एक खोली. दोन खाटा. दुसरीवर तीच खोळ, विटलेली, पण सुरकुती नसलेली. मी तिच्यावर टेकलो आणि क्षणभर थांबलो. आता म्हणतील, ओ, बाईंच्या मांडीवर बसता काय?

त्या नुसता चहाचा कप पुढे करून माझ्याकडे बघत राहिल्या. वाट पाहत असाव्यात.

मी विचारलं, "गुडघे कसे आहेत?"