डेरेकची दुरुस्ती

"त्यात काय आहे? चार तारा तर आहेत," डेरेक म्हणाला आणि त्याच्या बायकोने, हिलरीने, कपाळाला हात लावला.

मागच्या नाताळात यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या त्यांच्या घरात हीटिंग बंद पडलं होतं. हिलरीच्या आईने, एडनाबाईंनी, ओव्हरकोट घालून टर्की खाल्ली आणि पुन्हा या घरात नाताळ करणार नाही असं जाहीर केलं. यंदा आईला एकटं राहू द्यायचं नाही, हा हिलरीचा हट्ट. म्हणून आजच्या रविवारच्या जेवणाला त्यांना बोलावलं होतं, घर ऊबदार आहे हे पटवायला.

डेरेकने भिंतीवरचा थर्मोस्टॅट उघडला, तारा जोडल्या आणि घर तापवणारा बॉयलर फुरफुरत पेटला. गडी असा फुशारला की विचारू नका.

गोची एवढीच होती, की एक तार भलत्याच ठिकाणी बसली होती आणि यंत्र उलटं चालत होतं. खोली तापली की बॉयलर पेटायचा, गार पडली की विझायचा.

सूप येईपर्यंत खोली छान तापली. भाजलेलं बीफ आलं तेव्हा डेरेकच्या पाठीवरून घाम ओघळत होता. तो हळूच उठला आणि थर्मोस्टॅटची चकती खाली फिरवून आला. मग ग्रेव्ही आणायच्या निमित्ताने हिलरीने ती आणखी खाली नेली. एडनाबाई हात धुवायला म्हणून गेल्या, त्यांनीही तेच केलं. बॉयलर धडधडतच राहिला. तो विझवायला कुणीतरी चकती वर फिरवायला हवी होती, पण यॉर्कशायरमध्ये आपणहून हीटिंग वाढवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बरं, उकडतंय असं बोलायचीही सोय नाही. पाहुण्याने म्हणणं उद्धटपणा आणि यजमानाने म्हणणं नामुष्की. तिघेही लालबुंद होऊन हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

शेवटी आइस्क्रीमचं सूप झालं, तेव्हा डेरेक स्क्रूड्रायव्हर घेऊन थर्मोस्टॅटकडे गेला. झाकण उघडताच त्याला चूक दिसली. बिचारा मनातून पार खजील झाला.

"जावईबापू, काय करताय?" मागून आवाज आला. एडनाबाई कार्डिगन काढून, बाह्या सरसावून उभ्या होत्या. "हात लावू नका त्याला. वीस वर्षांत पहिल्यांदा माझे गुडघे दुखत नाहीयेत."

डेरेकची छाती फुगली. बाईंच्या तोंडून त्याचं कौतुक पहिल्यांदाच निघत होतं. "मग नाताळला नक्की या, आई," तो म्हणाला.

"नाताळला कशाला? उद्याच बॅग घेऊन येते. ईस्टरपर्यंत राहीन म्हणते."