मामांची बंदूक आणि माझं माप

शतांश मिलिमीटर म्हणजे काय, ते मला विचारा! अकरा वर्षं तारापूरच्या कारखान्यात लेथवर उभा आहे. माझ्या हातचा नट बोल्टावर असा बसतो, जसा मानाचा जावई पाटावर!

म्हणून २०१९च्या नवरात्रात तलासरीजवळच्या पाड्यावर सासुरवाडीला गेलो आणि सासऱ्यांचं दुःख ऐकलं, तेव्हा माझे हात शिवशिवले. सासरे म्हणजे देवजीमामा. पीक राखायला त्यांच्याकडे लायसनची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालायची आणि गजाने ठासायची. पण मामांची गोळी नळीत डब्यातल्या चिंचोक्यासारखी खडखडायची! शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून खाली नेम धरला की गोळी आधीच घरंगळून गवतात. मागून नुसता बार! रानडुकरं आता बाराला भीक घालत नव्हती आणि भात तर पिवळं व्हायला लागलेलं.

"मामा, दोन दिवस द्या. गोळी मापात आणतो."

"जावई, चिंधी गुंडाळली की चालतं."

"चिंधी? मी असताना?"

नळीच्या तोंडाचं माप घेतलं. कारखान्यात नायलॉनची इवलीशी टोपी कातली, तिच्यात शिशाची गोळी बसवली. परत येऊन ती नळीच्या तोंडाशी धरली, तर अशी अलगद आत गेली की माझी बायको योगितासुद्धा "वा!" म्हणाली. बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!

"दारू नको, आधी कोरडीच ठासून बघू," मी म्हणालो आणि गज दाबला. वीतभर सर्रकन गेली. मग थांबली.

"काढा बाहेर," योगिता म्हणाली.

"माघार? आणि मी?"

मी लाकडी हातोडा उचलला. दहा ठोक्यांत गोळी हातभर आत गेली आणि गजाचं टोक टोपीत रुतलं. आता ना पुढे, ना मागे!

मामा शांतपणे म्हणाले, "तोंडाशी नळी झिजलीय. माझा आजा तिथूनच गज घालायचा. आत ती बारीक आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही माप घेत होतात."

तेल ओतलं, नळी आपटली, गजाला दोर बांधून आंब्याला ताणला. आंबा हलला, गज नाही! तेवढ्यात पोलीस पाटील काकड्या आला. "देवजी, निवडणूक लागलीय. बंदूक उद्या ठाण्यात जमा कर. नाहीतर लायसन जाईल!"

दुसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन आम्ही ठाण्यात हजर. गज अर्धा बाहेर. हवालदारांनी टेप लावला, लायसन वाचलं आणि भुवया उंचावल्या.

"लायसनवर साडेचार फूट. ही सव्वासहा! ही दुसरीच बंदूक आहे!"

"नाही साहेब, गज अडकलाय," मी म्हणालो.

"आत दारू आहे?"

"छे! मी थेंबालाही शिवत नाही!"

"बंदुकीत हो!"

"बंदुकीत नाही. फक्त गोळी आहे."

'गोळी' ऐकताच खोली अशी रिकामी झाली, जशी ग्रामसभा श्रमदानाचं नाव काढताच! हवालदार दाराआडून ओरडले, "नळी भिंतीकडे करा!"

आत दारू नाही, असं मामांनी शपथेवर सांगितलं, तेव्हा सगळे परतले. पण गज निघाल्याशिवाय जमा करून घेणार नाही, असं हवालदारांनी बजावलं. मग मामा आणि दोन शिपाई बंदुकीला, मी गजाला! "हेइसा!" तिसऱ्या हिसक्याला गज सुटला. मी गजासकट थेट पाण्याच्या माठावर! माठ फुटला. गोळी मात्र होती तिथेच, टोपी घालून आरामात.

हवालदारांनी टेप लावला. साडेचार फूट! लायसन वाचलं. त्यांनी रजिस्टरात बरंच काही लिहिलं आणि पावती दिली.

बाहेर हायवेला मामांनी विचारलं, "मला वाचता येत नाही. काय लिहिलंय?"

मी पावती वाचली. घसा खाकरला. "'बंदूक उत्तम स्थितीत जमा,' असं लिहिलंय."

मामांनी समाधानाने मान हलवली. घरी गेल्यावर त्यांनी पावती कौतुकाने लेकीच्या हाती दिली. योगिताला वाचता येतं, हे मी साफ विसरलो होतो! तिने अख्ख्या पाड्यासमोर खणखणीत आवाजात वाचलं :

"बंदूक एक. नळी बंद. कारण : जावई."