सलोमीबाई विसरून गेली

सन २०२३. मी बहात्तर वर्षाचा होतो. त्या साली होळीच्या आधी सलोमीबाई थळकर आमच्या घरी एक नवी कोरी चादर विसरून गेली. वरची प्लास्टिकची थैलीसुद्धा फोडलेली नव्हती. बाई आली, माझ्या बायकोशी, कुसुमशी, पाच मिनिटं बोलली, "चला, लाइन सोडते" म्हणून उठली, आणि चादर खुर्चीवर राहिली.

आता माणूस छत्री विसरते, चष्मा विसरते. दुकानातून आणलेली चादर कोण विसरते? पण सलोमीबाईचं विसरणं असंच. रायपूरच्या आमच्या ब्राह्मणपाऱ्यात, या मोहल्ल्यात, तिनं काय काय विसरलं ते एका जागी ठेवलं, तर गोल बाजारात दुकान लागेल. रिक्षात पाच किलो तांदूळ विसरली. न्हाव्याकडे शाळेचं दप्तर विसरली. बाईले मूल ना बाळ, दप्तर घेऊन फिरत काहून होती? पंक्चरवाल्याच्या ओट्यावर काळे बूट विसरली, आणि ते त्याच्या पोट्टीच्या पायात असे बसले जसे माप घेऊनच आणले.

मी चौथी शिकलो. सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहून जन्म काढला, पण तिथला एक खिळा घरी आणला नाही. पोरानं पुण्याहून मोबाइल पाठवला, तर कुरिअरवाल्याले उंबऱ्यावरूनच परत लावला. मग मी बाईची चादर ठेवून घेईन काय? काठी उचलली आणि निघालो.

बाई गल्लीच्या टोकाले वरच्या माळ्यावर राहते. अठरा पायऱ्या. माझ्या उजव्या गुडघ्यानं त्या मोजल्या आहेत. दाराच्या चौकटीवर एक लहानशी पितळी डबी ठोकलेली. मी तिलेच घंटी समजलो आणि दाबत राहिलो. बाईनं दार उघडलं.

"गजाननराव, ती घंटी नाही. तिच्यात आमच्या देवाचं वचन आहे. पण तुम्ही इतक्यांदा दाबलंत, आता वर वाजलं असेल."

मग खुर्ची दाखवून म्हणाली, "बोला, कुठला नंबर?"

बाईची भाषा अशी. सारी नोकरी रेल्वेच्या टेलिफोन एक्सचेंजात झाली. काम काय विचारायचं तर "कुठला नंबर?" उत्तर द्यायचं नसलं तर "लाइन बिझी आहे." बाई ज्यू, कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची. मराठी माझ्यापेक्षा साफ. बाप रेल्वेत होता म्हणून रायपूरले आले. तिच्या लहानपणी इथं त्यांची चार-पाच घरं होती. कोणी मुंबईकडे गेलं, कोणी इस्राएलले. नवरा वारल्यावर साऱ्या शहरात त्यांच्यातली ती एक. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत तेलाचा दिवा लावते, आणि शनिवारी गॅस पेटवत नाही. शनिवारी गेलं तर आदल्या दिवशी थर्मासात भरलेला चहा.

मी चादर दिली. बाईनं ती घेतली, माझ्याकडे असं पाहिलं जसा मीच काही चुकलो, आणि चहा ठेवला. साखर कमी होती. मी तसं सांगितलं. बाई म्हणाली, साखर कमीच असते, तुमची जीभ जास्त आहे. अर्धा तास भांडण झालं. खाली उतरताना गुडघा दुखत होता, पण बरं वाटत होतं.

त्याच्यानंतर दर आठ दिवसांनी बाई आमच्याकडे काही ना काही विसरू लागली. स्टीलचा डबा, सुईदोऱ्याची पेटी, टॉर्च. एकदा मलिद्याचं ताट विसरली. मलिदा म्हणजे त्यांच्यातला प्रसाद, भिजवलेले गोड पोहे, वरून खोबरं आणि फळं. ते ताट मी परत नेईपर्यंत कुसुमनं रिकामं केलं, तर मी रिकामं ताट नेऊन दिलं आणि माफी मागितली. कुसुम हसत होती. मी विचारलं काहून हसतेस, तर म्हणे, "तुम्हाले काई समजत नाही, अन् समजलं तं मजा जाईन."

आणि थंडीत मी ते करून बसलो, ज्याची लाज मले आजही वाटते.

आमच्या मागच्या गल्लीत धनेश्वरीबाई राहते. चार घरची भांडी घासते, पदरी दोन लेकरं. तिच्या दारात दोरीवर एक जाड कंबल वाळत होतं. हिरव्या पट्ट्याचं. ते मी दोन दिवसांआधी सलोमीबाईच्या हातात पाहिलं होतं. मी धनेश्वरीले म्हणलं, हे तर थळकरबाईचं, ती विसराळू आहे, मी देऊन देतो. धनेश्वरी दोरीपासून बाजूले झाली. मी कंबल घडी केलं, काखेत मारलं, अठरा पायऱ्या चढलो आणि बाईच्या टेबलावर असं ठेवलं जसा मोठा गड जिंकून आलो.

बाईनं कंबलावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "गजाननराव, आज थंडी किती आहे?"

तेव्हा तिनं मले सारं सांगितलं. ठाण्याकडे तिच्या समाजाची एक मंडळी, म्हणजे संस्था, आहे. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं, अडलेल्या घरांचं राशन, हे त्यांचं काम. बाई एकटी, म्हणून तिच्या नावानंही दर सणाले मोठं खोकं येई. बाईनं त्यांना कळवलं, मला पेन्शन आहे, पाठवायचं तर माझ्या पाऱ्यासाठी पाठवा. त्यांनी ऐकलं. आता खोक्यातले खजूर आणि सणाची बिनखमिराची भाकर बाई आपल्याले काढून घेते. बाकीचं विसरते.

"सरळ हातात द्या ना," मी म्हणलं.

"हातात दिलं की घेणारा खाली बघतो. आमच्यात शिकवतात, देताना कोणाची मान खाली जाऊ द्यायची नाही. विसरलेल्या वस्तूला कुणी लाजत नाही. सगळ्या पाऱ्याला हे ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. तुम्ही एकटे वस्तू गोळा करत फिरता."

मग मलेच हुकूम झाला, कंबल घ्या आणि विसरून या.

माझ्यानं विसरणं होते काय? धनेश्वरीच्या ओट्यावर बसलो, कंबल बाजूले ठेवलं, इकडचं तिकडचं बोललो, उठलो, आणि सवयीनं कंबल उचलून चालू लागलो. परत फिरलो, पुन्हा बसलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी धनेश्वरीनंच माझ्या काखेतून कंबल ओढलं. "कका, अब रहन दव," छत्तीसगढीत म्हणाली, राहू द्या आता काका, आणि तोंडावर पदर धरून हसली.

हसत घरी यायले पाहिजे होतं. पण अर्ध्या गल्लीत माझ्या डोक्यात वीज पडली. ती चादर. तो डबा. तो टॉर्च. म्हणजे बाईनं मलेही त्याच रांगेत बसवलं? ज्यानं पोराचा मोबाइल घेतला नाही, त्याले? मी कुसुमले म्हणलं, आजपासून त्या माळ्यावर पाय ठेवणार नाही. कुसुम म्हणाली, "तुमचा गुडघा खूश होईन."

त्याच आठवड्यात बाई आमच्याकडे काळी छत्री विसरून गेली. भर थंडीत, आभाळात एक ढग नाही. छत्री जुनी होती, मुठीवर दोरा गुंडाळलेला. मी ती खिळ्याले टांगली. बाईले येऊ दे, स्वतः घेऊन जाऊ दे. महिना झाला. बाई आली नाही, छत्री खिळ्यावर, आणि मी रोज तिच्याखालून जाऊन राहिलो.

मग एका रविवारी ठाण्याच्या मंडळीची एक पोट्टी आमच्या दारी आली. हातात फाइल, थळकर आजी कुठे राहतात विचारत होती. आजींचं वय झालं, म्हणे. रोज येऊन पाहणारं कोणी असलं तर ठीक, नाहीतर मंडळी त्यांना ठाण्याच्या वृद्धाश्रमात नेणार. तिथं डॉक्टर आहेत, आपली माणसं आहेत. मी तिले जिन्यापर्यंत नेलं आणि तिथूनच परत फिरणार होतो. पण ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही खालीच थांबा. या पायऱ्या तुम्हाला जमायच्या नाहीत."

मी तिच्या आधी वर पोचलो.

बाईनं मले पाहिलं. नंबर विचारला नाही. चहा ठेवला. पोट्टीनं फाइल उघडली. औषधं, जेवण, शेजार. मग विचारलं, "आजी, रोज कोण येतं तुमच्याकडे?"

बाई खोटं बोलत नाही. म्हणाली, "महिनाभर कोणी नाही."

"त्याच्या आधी?"

बाईनं कपात साखर टाकली, ढवळली. माझ्या कपात.

"पाऱ्यात मी पुष्कळ घरी वस्तू विसरते. त्यांनी ठेवून घ्याव्यात म्हणून. लोक ठेवून घेतात, देवाची कृपा. पण मग कोणी वर येत नाही, येणार कशाला? हे एक गृहस्थ परत आणून देतात. म्हणून ह्यांच्याकडे विसरते. येतात, भांडतात, चहाला नावं ठेवतात. तेवढंच घरात मराठी ऐकू येतं."

माझ्या हातात कप होता. मी त्याच्यात पाहत राहिलो. चहात साखर बरोबर होती.

पोट्टी पेन घेऊन थांबली होती. आता काय लिहायचं ते तिले समजेना. मी म्हणलं, "लिही बाई. गजानन, वय बहात्तर, रोज सकाळी येते. पायऱ्या जमतात."

तिनं लिहिलं. बाई खिडकीकडे तोंड करून पदरानं काच पुसत बसली. काच साफ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिळ्यावरची छत्री काढली, अठरा पायऱ्या चढलो आणि ती बाईच्या हातात दिली. चहा दोन वेळा घेतला. थंडीत छत्री घेऊन फिरतात काय, यावर आम्ही पाऊण तास भांडलो. मग मी उठलो, काठी तिच्या दारामागे उभी केली आणि भिंतीले धरून, एकेक पायरी बसत-उठत, खाली उतरलो. शेवटच्या पायरीवर होतो तेव्हा वरून हाक आली, "अहो गजाननराव, काठी विसरलात."

मी मागे न पाहता म्हणलं, "लाइन बिझी आहे."