बायकोच्या परीक्षेतली माझी टोपी

सारखे दिसणारे इंग्रजी शब्द ओळखण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलीत मी. त्यामुळे बायकोने वाचनालयाच्या परीक्षेला बसायचं ठरवलं, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "पंधरा दिवस दे. फक्त पंधरा!"

वाचनालयात दर शनिवारी मुलांना इंग्रजी गोष्ट वाचून दाखवतात. वाचणाऱ्याची आधी सारख्या दिसणाऱ्या शब्दांची लेखी परीक्षा घेतात. आमची नात तिथे जाते. ती एकदा सहज बोलून गेली, "आजी, तुला नाही जमायचं गं ते." ती खेळायला पळाली, आजीला दोन दिवस घास गेला नाही.

मी जोड्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, हिने त्या आपल्या मनाने घरभर चिकटवल्या. डेअरी फ्रिजवर, डायरी फोनपाशी. एंजल नातीच्या फोटोवर, अँगल जिन्याच्या कोपऱ्यात. डिझर्ट, म्हणजे जेवणानंतरचं गोड, साखरेच्या डब्यावर. राहिलं डेझर्ट, म्हणजे वाळवंट. ती चिठ्ठी घेऊन ही घरभर फिरली आणि माझ्यापाशी येऊन थांबली.

"अहो, जरा मान खाली घाला."

माझ्या टकलावर चिठ्ठी काही टिकेना. मग रोज सकाळी चहा देताना नातीच्या देखत तिथे बोट टेकवून ही म्हणायची, "डेझर्ट!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी ही भाजी आणायला गेली आणि माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. काय तो पसारा! मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि बैठकीच्या भिंतीवर एबीसीडीच्या क्रमाने लावल्या. फूटपट्टी धरून! कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या दिसत होत्या.

ही आली. पिशवी हातातच राहिली.

"माझी डेअरी कुठंय?"

"भिंतीवर. डी खाली बघ."

"अहो, मला डी नाही आठवत, फ्रिज आठवतो! आता मी उद्या कुठे शोधू?"

मी धावत चिठ्ठ्या परत लावायला घेतल्या. चाळीस चिठ्ठ्या, आणि जागा आठवल्या चार! एंजल तर मी मिक्सरवर लावला. ही मुकाट्याने जेवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात ही काचेच्या दाराआड, मी बाहेर बाकावर. थंडी होती, म्हणून हिनेच विणलेली कानटोपी घातलेली. आत हिने डोळे मिटले आणि हवेतच कसलंसं दार उघडलं.

"आजी, काय करताय?" ग्रंथपाल बाईंचा आवाज फटीतून ऐकू आला.

"फ्रिज उघडतेय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. पण हिचं पेन पळू लागलं! डबा, जिना, फोटो, हिच्या मनात सगळं घर जुन्या जागी होतं, माझी शिस्त तिथवर पोचलीच नव्हती. मग एकदम पेन थांबलं. हिने माझ्याकडे पाहिलं आणि डोक्याकडे बोट केलं.

डोकं दुखतंय! मी खिशातून बाम काढून दाखवला. हिने मान हलवली. मी पाण्याची बाटली दाखवली. हिने कपाळाला हात लावला. ताप? मी उभाच राहिलो! आता ही डोक्यावरून काहीतरी ओढून काढल्यासारखं करू लागली. मी गोंधळून सलाम ठोकला. शेवटी घाबरून मला इतका घाम फुटला, की पुसायला टोपी काढली.

हिचा चेहरा उजळला. पेन पळालं!

परीक्षेचे नियम मी नंतर नीट वाचले. टोपीबद्दल त्यांत एक अक्षर नाही.

पहिल्या शनिवारी ही खुर्चीत, नात पहिल्या रांगेत, मी मागच्या बाकावर टोपी घालून. गोष्टीत उंट आला, उंटामागोमाग वाळवंट आलं.

"डेझर्ट म्हणजे काय, कोण सांगेल?" हिने विचारलं.

मग नात उठली, पोरांमधून वाट काढत माझ्यापाशी आली, माझी टोपी उचलली आणि टकलावर बोट टेकवलं.

"हे! आणि ती वाचतेय ना, ती माझी आजी!"

हिने पुस्तक तोंडासमोर धरलं. ते बराच वेळ खाली आलं नाही. तोवर बाकीची पोरं माझ्यासमोर रांगेत उभी राहिली होती, एकेक बोट पुढे करून.

आता शनिवारी कितीही थंडी असो, मी टोपी घालत नाही. पोरांचा अभ्यास बुडतो!