वडवणीच्या राखीव डिझेलाचे रक्षण

श्रीवैजनाथाचे पायी मस्तक ठेवोन, वडवणीनजीक मल्लिकार्जुन अप्पांचे पंपावर राखीव डिझेल कैसे राखिले आणि शेवटी ते कोणाचे कामी आले, ती हकीकत जैसी घडली तैसी येथे लिहिली असे.

समुद्रापार लढाई पेटली आणि तेलाची जहाजे अडकली. दिल्लीकरांनी डोंगराचे पोटात तेल साठविले होतेच. मग तालुक्याचे पोटातही थोडके असावे ऐसे सरकारचे मनात आले, आणि फर्मान सुटले की पंपधन्याने एक टाकी मोहोरबंद ठेवावी, आणीबाणीवाचून थेंब काढू नये. अप्पांनी झाकणास हळदकुंकू वाहिले आणि नारळ फोडिला.

रक्षणास इंधन रक्षक पथकाचे सरदार तानाजीराव नेमिले. सरदार मोठे दक्ष. सकाळी येत, संध्याकाळी येत, मध्येच माजलगावी बैठकीस जात, आणि प्रत्येक खेपेस जीप राखीव टाकीतूनच भरीत. कारण आणीबाणीच्या साठ्याची पाहणी हेही आणीबाणीचेच काम, ऐसा त्यांचा निवाडा. मग अप्पा टाकीत मापाची पट्टी सोडीत आणि ओली खूण रोज खाली उतरे. परंतु पंपाचा परवाना सरदारांचेच हाती, म्हणोन बोलण्याची छाती होईना. सरदार बंदोबस्त चोख असल्याचे जाहीर करीत आणि पुन्हा मोहोर ठोकीत.

एके सकाळी जीप काठोकाठ भरली आणि नळी गुरगुरोन थांबली. राखीव डिझेल संपले. विक्रीचे तर आधीच संपले होते आणि टँकरचा पत्ता नव्हता. त्याच घटकेस अप्पांची लेक शिवानी, पहिल्या बाळंतपणास माहेरी आलेली, तिला कळा सुटल्या. मूल आडवे, तातडीने बीडला न्या, ऐसे डॉक्टरांनी सांगितले. रुग्णवाहिका पंपावर आली ती ढकलीत.

"अप्पा, टाकीत वास बी न्हाई," रुग्णवाहिकेचा चालक बंकट म्हणाला.

साठा आटताना आपण रोज उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि गप्प बसलो, याची अप्पांस भारी लाज वाटली. मग हात जोडोन त्यांनी जीपमधले थोडे मागितले. सरदारांनी फर्मान उलगडिले: पूर आहे, आग आहे, दंगा आहे, मंत्र्यांचा दौरा आहे; बाळंतपण नाही, सबब देता येत नाही. शिवाय साठा संपला ही खबर जातीने बीडला वरिष्ठांस दिली पाहिजे, ऐसे फर्मावोन ते जीपवर आरूढ जाहले.

तेव्हां अप्पांच्या घरधनीण उमाबाई जीपेपुढे उभ्या ठाकल्या. "साहेब, तुमी बीडलाच निघालात न्हवं? मग लेकीला कशापायी ठिवता हितं?"

सरदारांनी फर्मान उलटसुलट पाहिले. मनाई कोठे लिहिली नव्हती. मग शिवानीस मागील आसनावर निजविले, उमाबाई उशाशी बसल्या, अप्पा पायथ्याशी, आणि फौज कूच करती जाहली. बीडला लेक सुखरूप सुटली, कन्या जाहली, आणि अप्पा इस्पितळाचे पायरीवर बसोन रडले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. साठा गरजूंपर्यंत पोहोचला म्हणोन वरिष्ठांनी सरदारांचा सत्कार केला, टँकर येताच टाकी भरोन नवी मोहोर ठोकिली, आणि पाहणीस दुसरी जीप मंजूर केली. अप्पा आता टाकीत पट्टी सोडीत नाहीत. जीप आली की आधी तिचा डिझेलचा काटा पाहतात, आणि काटा खाली दिसला की त्यांचा जीव घाबरा होतो. गल्लीत अजून दोघी गरोदर आहेत.